नावासाठी दीड इंच

एका चैत्रात बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या पस्तीस-चाळीस मराठी बायका अचानक जाड झाल्या. महिनाभरात. कुणाच्या घरी तूप जास्त आलं नव्हतं, कुणी बाळंत झालेली नव्हती, कुणाला काही दुखणं नव्हतं. त्यांना जाड मी केलं. संगणकासमोर बसून, एका बोटानं.

संपादकबाईंनी मला कळवलंय की तुमच्या नोकरीबद्दल लिहा, नव्या मुलींना प्रेरणा मिळेल. घ्या, मुलींनो.

मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन बंगळूरला आले ती अशा घरात, जे किती पिढ्या इथे आहे हे घरातल्या कुणालाच नीट सांगता येत नाही. सासूबाई मराठीच बोलायच्या, पण कानडीतल्यासारखं 'स्वल्प मीठ घाल' म्हणायच्या. मी मनातल्या मनात हसायचे. मला तेव्हा सगळ्यांना हसायची सवय होती. फक्त स्वतःला हसायची नव्हती, ती नंतर लागली.

चाळिशीला आले, मुलं कॉलेजात गेली, आणि पेपरात जाहिरात आली : तीन महिन्यांत डी.टी.पी. शिका. शिकले. रंगण्णांच्या सेंटरमध्ये नोकरीला लागले. रंगण्णा म्हणजे मालक. गोरा, गोल, कपाळावर गंध, बोलणं कानडी आणि स्वभाव लोण्याचा. सेंटर पहिल्या मजल्यावर, दोन संगणक, एक स्कॅनर, एक प्रिंटर. आत एसी होता म्हणून चपला बाहेर काढायच्या. देवळात नव्हतं असं सोवळं आमच्याकडे होतं. एखादा गिऱ्हाईक चपलेसकट आत आला तर मी असं बघायचे की तो पाय उचलूनच मागे जायचा. संगणकाला धूळ चालत नाही, हे मी त्याला सांगायचे. मला ते कुणी सांगितलं होतं, आठवत नाही.

आता धंद्याचं थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. ठिपक्यांची रांगोळी काढलेली आहे ना? पुस्तकात लिहिलेलं असतं पंधरा ठिपके ते पंधरा ठिपके. दोन ठिपक्यांत अंतर किती, ते लिहिलेलं नसतं. बोटाबोटावर ठिपके टाकलेत तर उंबऱ्यात मावते, वितीवितीवर टाकलेत तर अंगण भरतं. रांगोळी तीच. संगणकातलं चित्रही तसंच. त्याच्या पोटात फक्त ठिपके असतात, त्याला स्वतःची लांबी-रुंदी नसते. एका सॉफ्टवेअरमधून चित्र बाहेर काढून दुसऱ्यात न्यायचं, म्हणजे आमच्या भाषेत एक्स्पोर्ट करायचं, तेव्हा एक चौकट समोर येते. लांबी किती, रुंदी किती, एका इंचात ठिपके किती. तिथं जे भराल ते कागदावर उतरतं. आणि ते पडद्यावर बघून कळत नाही! पडद्यावर चांगलं दिसतं. पडद्यावर सगळंच चांगलं दिसतं.

हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं, हीच तर लाज आहे. पीण्या ह्या कारखान्यांच्या भागातले शिवण्णा नावाचे एक कारखानदार होते, यंत्राच्या पुढच्या पट्टीवर चिकटवायचे स्टिकर आमच्याकडून करून घ्यायचे. स्टिकरला चार भोकं, यंत्राला चार स्क्रू, केसाचाही फरक चालत नसे. माझं एकही स्टिकर परत आलं नाही. हेच शिवण्णा एकदा फ्लॉपीत वडिलांचा फोटो घेऊन आले. अमेरिकेतल्या चुलतभावानं पाठवलेला. पडद्यावर वडील पडदाभर. छापले तर काड्यापेटीएवढे.

"मॅडम, आत्ता तर एवढे मोठे होते!"

"अण्णा, पडद्याचा इंच वेगळा, कागदाचा इंच वेगळा."

"इंच म्हणजे इंच की हो."

मी त्यांना रांगोळी काढून दाखवली. कागदावर, ठिपके देऊन. अर्धा तास. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "सरी मॅडम, कळलं. पण मला माझे वडील भिंतीवर पाहिजेत." मोठे केले तर वडिलांच्या चेहऱ्याच्या फरश्या दिसायला लागल्या. शेवटी फोटो हातभर न करता हाताच्या पंज्याएवढाच छापला आणि भोवती रुंद क्रीम रंगाचा कागद लावून मोठी चौकट केली. शिवण्णा खूश. मी त्याहून खूश. घरी जाऊन यजमानांना सांगितलं की आज मी एका कारखानदाराला शिकवलं. यजमान म्हणाले, आमटीत मीठ नाही.

तर अशी मी. मापाचं मला सांगू नका म्हणणारी.

आता अक्का. रुक्मिणीअक्का आमच्याच गल्लीत राहायची. तिच्या घराण्यात मराठी होती, पण ती इथल्या मातीची, अर्धं वाक्य कानडीत संपवायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. पुढच्या खोलीत शिवणाचा वर्ग चालवायची. तीस वर्षं. मल्लेश्वरममध्ये मराठी मुलगी लग्नाची झाली की पत्रिकेआधी अक्काकडे जायची.

अक्का टेप गळ्यात घालायची, पण वापरायची क्वचित. दारात बाई उभी राहिली की तिच्याकडे एकदा बघायची, "फिर की गे" म्हणायची, बाई पाठमोरी झाली की आकडा सांगायची. मग मुली टेपनं मोजायच्या. तोच आकडा. बाजारात, बसमध्ये, देवळात, कुठेही तिची नजर हे काम करत राहायची. तिच्याजवळून गेलं की मापं घेतली गेल्यासारखं वाटायचं. त्या नजरेवर तिचा वर्ग चालायचा, चूल चालायची, आणि तिची मान ताठ राहायची. दुसरं तिच्याकडे काही नव्हतं.

आमच्या महिला मंडळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून अंक काढायचा ठरला. अध्यक्ष शालिनीबाई. त्या आयुष्यभर शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि निवृत्तीनंतरही तो हुद्दा त्यांच्या आवाजातून निवृत्त झाला नव्हता. मी बैठकीत म्हटलं, अंकाबरोबर एक मोठा कागद घडी घालून देऊ. अक्काचं ब्लाउजचं कटिंग, खऱ्या मापात छापलेलं. चौतीस, छत्तीस, अडतीस अशा तीन रेषा. आपल्या मापाच्या रेषेवर कापायचं, कापडावर ठेवायचं, कात्री चालवायची. गणित नाही, काही नाही.

"जमेल?" शालिनीबाई म्हणाल्या.

"संगणकाला काय जमत नाही?" मी म्हटलं. हे वाक्य मला अजून मधूनच ऐकू येतं.

अक्कानं तिचे खाकी कागदावरचे नमुने मला दिले. कडा झिजलेल्या, मध्ये कापडाची ठिगळं लावलेली. देताना दोन्ही हातांनी दिले. आमच्या स्कॅनरवर शाळेच्या वहीएवढाच कागद मावायचा, म्हणून तुकड्यातुकड्यानं स्कॅन केले, जोडले, वरून स्वच्छ रेषा ओढल्या. पाठ, पुढचा भाग, बाही. चार दिवस लागले. प्रत्येक रेषा अक्काच्या टेपनं तपासली. एकूण चित्र एकोणतीस इंच लांब, कागद तीस इंचाचा. एका सुताचाही फरक नाही. इथं थांबले असते तर आज मला प्रेरणास्थान म्हणायला हरकत नव्हती.

पण कागदाच्या खाली जागा उरली नाही, आणि माझं नाव राहिलं होतं.

नाव म्हणजे काय, नुसतं मालती नव्हे. 'संगणकीय रचना व मांडणी', मग सौ., मग मी, मग यजमान, मग आडनाव, आणि खाली दुसऱ्या ओळीत डिप्लोमा. बाजूला एक छोटा मोर. ह्या सगळ्याला दीड इंच तरी हवा होता. एक्स्पोर्टची चौकट समोर उघडी होती. लांबीच्या खणात एकोणतीस होते. मी ते खोडून साडेसत्तावीस केले. रुंदी आपोआप त्या प्रमाणात कमी झाली, कारण दोन्ही खणांना जोडणारी कडी लावलेली होती. चित्र वेडंवाकडं झालं नाही, काही तुटलं नाही. पडद्यावर अगदी तसंच. मी स्वतःशी म्हटलं, प्रमाण सुटलं नाही ना, मग झालं. स्वल्प कमी केलं तर काय होतंय?

सासूबाईंचा शब्द मला त्या दिवशी बरोबर आठवला.

छापून आलं तेव्हा मी आधी मोर बघितला.

अंक फाल्गुनात निघाला आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी सगळ्यांनी ब्लाउज शिवले. अक्काच्या कटिंगवर. बाजारातल्या टेलरकडे तीन आठवडे रांग होती, इथं घरच्या घरी दोन दिवसांत. आणि मग हळदीकुंकवं सुरू झाली. मी अशी हळदीकुंकवं त्याआधी कधी बघितली नव्हती. बायका पाठ ताठ करून बसलेल्या. कैरीची डाळ समोर आली की चमच्याच्या टोकानं घ्यायच्या. पन्हं दोन घोट. कुणी वाकून नमस्कार करायला तयार नाही. ओटी भरताना हात वर नेला की चेहऱ्यावर कळ. आणि कुणी चकार शब्द काढत नव्हतं. काय म्हणून काढणार? अक्काचं कटिंग चुकेल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. म्हणजे चुकलं होतं ते आपलं अंग.

माझाही ब्लाउज तसाच झाला. अक्काच्या वर्गातल्या मुलीनं शिवून दिलेला. खालचे हूक कसेबसे लागले, वरचे पदराखाली झाकले. मी मंडळात माझं माप चौतीस सांगत असे, त्या आकड्याचा मला अभिमान होता. दुसऱ्या दिवशीपासून गरम पाण्यात लिंबू, आणि सकाळी सहाला सँकी तळ्याभोवती फेऱ्या.

पहिल्याच दिवशी समोरून शालिनीबाई. पायांत नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट.

"अय्या, तुम्ही?"

"पक्षी बघायला येते मी," शालिनीबाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी सांगितलंय."

"पक्षी?"

"डोळ्यांना बरं असतं. तुम्ही काय?"

"मी? मी दूध आणायला."

"तळ्यावर?"

आम्ही दोघी विरुद्ध दिशांना गेलो. वळणावर मंडळाच्या खजिनदार भेटल्या, त्या देवाला फुलं वेचायला आल्या होत्या. हातात परडी नव्हती. त्यांच्या मागून चिटणीस. आठवड्याभरात सकाळी तळ्याभोवती मंडळाची बैठक भरवता आली असती, कोरम पूर्ण. सगळ्या घामाघूम, सगळ्या कारणं सांगणाऱ्या. मी ह्या गोष्टीला त्या वेळी हसलेदेखील. म्हटलं, वय झालं बायकांचं.

इथपर्यंत गंमत होती. पुढचं सांगताना मला अजून जड जातं.

वैशाखात अक्काकडे एका नवरीचा ब्लाउज आला. शालूच्याच काठाचं कापड, दुसरं मिळणार नाही असं. खाकी नमुने माझ्याकडेच पडले होते, मी परत करायचं राहून गेलं होतं. अक्कानं छापलेला कागद घेतला. स्वच्छ, नवा, तिचंच कटिंग. नवरीकडे बघून तिनं छत्तीस म्हटलं होतं, लग्नाच्या घाईत टेप कुणी लावला नव्हता, छत्तीसच्या रेषेवर कापलं. लग्नाच्या सकाळी ब्लाउजचे हूकच लागेनात. अक्का कार्यालयात धावत गेली, शिवण उसवून, पट्टी जोडून, कसंबसं केलं. मुहूर्त टळला नाही. पण नवरीची आई चारचौघींत म्हणाली, "अक्का, आता नजर गेली हो तुमची. सांगायचं तरी होतं, दुसरीकडे दिला असता."

अक्कानं सुई-दोरा पिशवीत टाकला. घरी आली आणि वर्गातल्या मुलींना म्हणाली, चैत्रापासून सगळ्यांचेच ब्लाउज घट्ट होताहेत, मला दिसत होतं, पण मी म्हणत होते मुली नीट शिवत नाहीत. मुली नीट शिवताहेत गे. मीच चुकले.

मला हे कळलं तेव्हा वाईट वाटलं, आणि आठवलं की खाकी नमुने द्यायचे आहेत. घेऊन गेले. अक्का म्हणाली, बस, कॉफी करते, आणि आत गेली. टेबलावर तो छापलेला कागद पसरलेला होता. मी सहज हातातला पाठीचा खाकी नमुना त्यावर ठेवला. रेषेवर रेषा बसवायला गेले. बसेना. खाकी कागद चारी बाजूंनी बाहेर येत होता. कुठे करंगळीएवढा, कुठे अंगठ्याएवढा.

त्या क्षणी एकोणतीस, साडेसत्तावीस, मोर, सगळं डोळ्यांसमोर आलं. छत्तीसच्या रेषेवर छापून चौतीस आलं होतं. अडतीसच्या रेषेवर छत्तीस.

मी काय केलं असेल? कागदाची घडी घातली. खाकी नमुने त्यावर ठेवले. अक्का कॉफी घेऊन आली, मी प्यायले. कॉफी छान झाली म्हटलं. आणि घरी आले.

आठ दिवस मी गप्प होते. आता मला त्या बाईचा, म्हणजे माझा, राग येतो. पण तेव्हा माझ्याकडे कारणं भरपूर होती. लग्न तर पार पडलं. अक्काचं वय झालंच होतं. कधीतरी वर्ग बंद व्हायचाच. आणि मी बोलले तर रंगण्णा काय म्हणतील, शिवण्णा काय म्हणतील, मापाची बाई म्हणून माझं जे नाव होतं त्याचं काय?

नवव्या दिवशी अक्का सेंटरवर आली. चपला खालीच जिन्यापाशी काढून, अनवाणी वर आली. मी मल्लेश्वरमभर सांगितलेलंच होतं ना, संगणकाला धूळ चालत नाही.

"मालती, एक पाटी करून दे की गे. दारावर लावायला."

"कसली, अक्का?"

"वर्ग बंद झाला म्हणून. मोठ्या अक्षरात काढ. माझ्यासारख्यांना दिसायला पाहिजे."

मी टाइप करायला घेतलं. 'शिवण वर्ग' एवढं झालं. पुढचा शब्द बोटातून येईना. अक्का शेजारी स्टुलावर बसली होती, हात मांडीवर. रस्त्यावरून एक बाई गेली, खिडकीतून दिसत होती. अक्कानं मान खाली घातली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. आता बघत नाही मी कुणाकडे. बघितलं की आकडा येतो मनात. खोटा असेल तर कशाला पाहिजे?"

मी की-बोर्डवरून हात काढले.

"अक्का, तुमचा आकडा खरा होता. कागद खोटा होता. मी लहान केला."

पलीकडच्या टेबलावर रंगण्णा बिल फाडत होते, ते थांबले. अक्कानं मला आधी विचारलं ते असं :

"किती?"

"दीड इंच. एकोणतीसचं साडेसत्तावीस."

"कशाला गे?"

मला खोटं बोलता आलं असतं. यंत्राची चूक, छापखान्याची चूक, तेव्हा लोक काहीही मानायचे. पण तिनं कशाला असं इतकं साधं विचारलं होतं.

"माझ्या नावाला जागा करायला."

अक्कानं पिशवीतून तो छापलेला कागद काढला, चष्मा लावला, आणि खालची ओळ बोटानं वाचली. मोठ्यानं, सौ.पासून डिप्लोमापर्यंत. मोराशी थांबली.

"बरं मोठं आहे की नाव," ती म्हणाली. रंगण्णांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ते हसत होते की काय, मला अजून माहीत नाही.

मी पाया पडायला वाकले, तर अक्का पाय मागे घेऊन म्हणाली, "मला नको. शुक्रवारी मंडळात सांग. सगळ्यांसमोर. त्या नवरीच्या आईलाही बोलाव." आणि पाटी न घेता गेली. रंगण्णांनी अर्धवट राहिलेलं बिल फाडलं. मग म्हणाले, "मॅडम, ह्यापुढे प्रत्येक चित्राच्या कडेला एक इंचाची रेघ छापायची. गिऱ्हाईकानं पट्टी लावून बघायची. आपण नाही." त्यानंतर मी ते काम अकरा वर्षं केलं आणि त्या रेघेशिवाय एक कागद बाहेर जाऊ दिला नाही.

शुक्रवारी मी उभी राहिले. सांगितलं. नाव, मोर, सगळं. मग शालिनीबाई सावकाश म्हणाल्या,

"म्हणजे मी दीड महिना भात सोडला, तो?"

"फुकट, शालिनीबाई."

"आणि पक्षी?"

"ते तुम्ही बघितलेत, ते खरे."

"मी ह्यांना म्हटलं, तुमच्या आईच्या हातचं खाऊन झालं हे!" चिटणीस ओरडल्या. "सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी!" मग जो गलका झाला त्यात हसणं होतं, पण सगळं हसणं नव्हतं. खजिनदारबाई उठून निघून गेल्या आणि वर्षभर माझ्याकडे पाठ करून बसत. त्यांनी आईच्या साडीतलं कापड कापलं होतं, आणि घट्ट झालं म्हणून भाचीला देऊन टाकलं होतं. त्याला माझ्याकडे काही उपाय नव्हता. अजून नाही. नवरीची आई मात्र सगळ्यांसमोर अक्काकडे गेली, हात धरला, आणि सभा संपेपर्यंत सोडला नाही.

अक्कानं शिक्षा दिली ती अशी. तिच्या कटिंगमध्ये शिवणीच्या आत माया ठेवलेली असायची, म्हणजे पुढे अंग भरलं तर सोडायला दुमडून ठेवलेलं जादा कापड. सगळ्यांनी ब्लाउज आणून द्यायचे, मालती बाजूच्या शिवणी उसवणार, मुली माया सोडून परत शिवणार. पंधरा दिवस मी रोज संध्याकाळी अक्काच्या जमिनीवर ब्लेड घेऊन बसले. डिप्लोमा असलेली. मुली माझ्यासमोर नवीन ढीग टाकताना फार सभ्यपणे 'हे पण आहे, मॅडम' म्हणायच्या.

पण वर्ग काही सुरू होईना. अक्का उसवलेलं बघायची, खडूनं खुणा करायची, आणि कुणी नवीन मुलगी चौकशीला आली की नाही म्हणायची. शेवटी मी विचारलं.

"अक्का, आता काय? चूक माझी होती, सगळ्यांना कळलं."

"तुझी होती. पण माझ्या टेबलावर माझंच कटिंग दीड इंचानं लहान होऊन पडलेलं, आणि मला दिसलं नाही. ही कसली नजर?"

संगणकानं छापलं म्हणून तिनं बघितलंच नव्हतं. संगणकाकडे बघायचं नसतं, फक्त चपला काढायच्या असतात, हे मीच शिकवलं होतं सगळ्यांना. मी तिला तसं सांगितलं. तिनं नुसतं "हं" केलं.

शेवटच्या दिवशी ढिगात एकच ब्लाउज राहिला, माझा. मी उसवला, मुलीनं माया सोडून शिवला, मी आतल्या खोलीत जाऊन घालून आले. तरीही वरचे दोन हूक लागेनात.

मुली तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. अक्का मशीनपाशी बसली होती. तिनं मान वर केली. कितीतरी दिवसांनी ती कुणाकडे तरी तशी बघत होती.

"फिर की गे."

मी फिरले.

"सव्वासदतीस," अक्का म्हणाली, आणि लगेच स्वतःच घाबरल्यासारखी गळ्यातला टेप चाचपायला लागली.

"काहीतरीच. मी चौतीस आहे, अक्का."

"चौतीस तू लग्नात होतीस." तिनं गळ्यातला टेप काढून माझ्याकडे टाकला. "मोज. मुलींनी नको, तूच मोज."

मी टेप लावला. पोट आत ओढलं, श्वास धरला.

"श्वास सोड."

सोडला. खाली बघितलं. अक्का मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. मुली थांबल्या होत्या. दोन-अडीच महिने मी सगळ्यांना चुकीचं माप देऊन बसले होते, आणखी एक दिलं असतं तर माझं चौतीस, निदान छत्तीस तरी, वाचलं असतं.

"काय आलं?"

"सव्वासदतीस, अक्का."

तिचा विश्वास बसेना. उठून आली, चष्मा लावला, टेपवर अंगठ्याचं नख टेकवून स्वतः बघितलं. एकदा सोडून परत लावून बघितलं. मग टेप गळ्यात अडकवला आणि दारात जाऊन उभी राहिली. रस्त्यानं शालिनीबाई भाजीची पिशवी घेऊन चालल्या होत्या.

"शालिनीबाई!" अक्कानं हाक मारली. "पोलकं घेऊन जा की! आणि ते अडतीस अडतीस सांगायचं सोडा आता. चाळीस आहात तुम्ही!"

अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.